न पेटणारे एंजिन आणि शोधक बुद्धी

पावसाळ्यातील एक ओलसर सकाळ. रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या जुन्या अँबॅसडर गाडीत चालक बसतो आणि चावी फिरवतो. सेल्फ लागतो, एंजिन घरघरत फिरू लागते; परंतु पेट काही घेत नाही. दुसऱ्या खेपेस तेच, तिसऱ्या खेपेस तेच. एव्हाना भोवती चार माणसे जमलेली असतात आणि निदाने सुरू होतात. एकाच्या मते प्लग गेलेले आहेत. दुसऱ्याच्या मते कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला आहे. तिसरा कॉइल बदलण्याचा सल्ला देतो. चौथ्याला मुळात चर्चाच पसंत नसते. तो धक्का मारण्यासाठी बाह्या सरसावतो. यांपैकी प्रत्येकाचे म्हणणे शक्य कोटीतील असते. तरीही बॉनेट उघडून प्रत्यक्ष काही पाहण्याची तसदी अद्याप कोणीच घेतलेली नसते.

असे दृश्य भारतातील कोणत्याही शहरात अपरिचित नाही. त्यात थोडी गंमत आहे खरी. पण तिची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. गाडी भाड्याची असेल तर चालकाचा दिवस बुडतो. गाडी गॅरेजमध्ये गेली आणि तेथेही अंदाजानेच काम झाले, तर प्लग, कॉइल, कंडेन्सर, पंप असे एकामागून एक नवे भाग बसतात, प्रत्येकाचे पैसे पडतात, आणि कदाचित धडधाकट असलेले जुने भाग भंगारात जातात. शेवटी गाडी चालू होतेही. पण ती कशामुळे चालू झाली हे मालकाला कळत नाही, आणि पुष्कळदा कारागिरालाही कळत नाही. पुढच्या वेळी तीच अडचण आली, म्हणजे सारा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

अंदाजाने भाग बदलणे याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. दुरुस्तीचा आरंभ निदानाने झाला पाहिजे, आणि निदानाला स्वतःची अशी एक शिस्त आहे. ही शिस्त प्रयोगशाळेत जशी लागू पडते तशीच रस्त्याच्या कडेलाही लागू पडते. किंबहुना, फिरणारे परंतु न पेटणारे जुने एंजिन हे ती शिस्त शिकविण्याचे एक अतिशय सोयीचे साधन आहे, आणि आपल्या शाळांनी त्याचा उपयोग करून घ्यावयास हवा.

जुनी गाडीच कशासाठी?

अँबॅसडर ही गाडी ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून घडविलेली. पश्चिम बंगालमध्ये हुगळी जिल्ह्यातील उत्तरपाडा येथे तिचे उत्पादन १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या कुर्ला भागात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ही तिची समकालीन. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमध्ये दीर्घकाळ हीच गाडी दिसत असे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. कोलकात्यातील पिवळ्या अँबॅसडर टॅक्सीही पंधरा वर्षांच्या वयोमर्यादेमुळे कमी कमी होत चालल्या आहेत. तथापि खाजगी मालकांकडे, हौशी संग्राहकांकडे आणि लहान गावांतील गॅरेजांत या गाड्या अद्याप जिवंत आहेत.

शिक्षणाच्या दृष्टीने या गाड्यांचे महत्त्व असे, की त्यांच्या कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या पेट्रोल एंजिनात जवळजवळ प्रत्येक क्रिया डोळ्यांना दिसते आणि हाताने तपासता येते. ठिणगी दिसते, पेट्रोलचा थेंब दिसतो, पॉइंट उघडताना आणि मिटताना दिसतात. एक पाना, एक पेचकस, एक लहानसा दिवा आणि कोरडे फडके एवढ्या साहित्यावर बराचसा तपास पुरा होऊ शकतो. कार्य आणि कारण यांमधील धागा इतका उघडा ठेवणारी यंत्रे आता थोडी उरली आहेत.

तीन अटी

निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकाने १८७६ मध्ये यशस्वी करून दाखविलेले चार धावांचे चक्र या एंजिनातही चालते. पहिल्या धावेत दट्ट्या खाली जातो आणि पेट्रोलची वाफ मिसळलेली हवा सिलिंडरमध्ये ओढली जाते. दुसऱ्या धावेत दट्ट्या वर येऊन ते मिश्रण दाबतो. दाब पुरा होण्याच्या सुमारास ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि तिसऱ्या धावेत प्रसरण पावणारा वायू दट्ट्याला खाली ढकलतो. चौथ्या धावेत जळालेला वायू बाहेर टाकला जातो.

यावरून उघड होते, की एंजिन पेटण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली, योग्य प्रमाणातील मिश्रण. वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे पंधरा भाग हवा हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण आहे, आणि थंड एंजिन सुरू करताना पेट्रोल याहून थोडे अधिक लागते. चोक ओढतात तो याचसाठी. दुसरी गोष्ट, पुरेशी सशक्त ठिणगी. तिसरी, मिश्रणावर पडणारा पुरेसा दाब व ठिणगी योग्य क्षणी पडणे. तीनपैकी दोन अटी पुऱ्या झाल्या म्हणून एंजिन दोन तृतीयांश चालत नाही. ते मुळीच चालत नाही.

येथेच निदानातील पहिली चूक घडते. एंजिन फिरते आहे, अर्थात बॅटरी उत्तम आहे, असे अनुमान सर्रास काढले जाते. वस्तुतः एंजिन फिरते यावरून एवढेच सिद्ध होते, की सेल्फ फिरविण्याइतकी शक्ती बॅटरीत आहे. सेल्फची मोटर शंभराहून अधिक अँपियर प्रवाह ओढते, आणि त्या वेळी बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब खाली येतो. बॅटरी दुबळी असेल तर एंजिन रेंगाळत फिरते, पण कॉइलच्या वाट्याला उरलेला दाब ठिणगीला पुरा पडत नाही. म्हणून एंजिन ‘फिरते’ एवढे ऐकून भागत नाही. ते कसे फिरते हेही ऐकावे लागते. निरोगी एंजिन सेल्फवर फिरताना ठरावीक लयीत अडखळते, कारण एकेक दट्ट्या दाबाच्या धावेतून जात असतो. ही लय नाहीशी होऊन आवाज सलग आणि हलका येऊ लागला, तर दाब निर्माण होत नसल्याची शंका घ्यावयास हवी.

ओला प्लग, कोरडा प्लग

तपासाचा पहिला नियम असा, की ज्या पाहणीला काही खर्च नाही ती सर्वांत आधी करावी. टाकीत पेट्रोल आहे काय? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु जुन्या गाडीचा पेट्रोलदर्शक काटा विश्वासार्ह असतोच असे नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर साचला आहे काय? एखादी वायर निसटली आहे काय? डोळ्यांनी पाहण्याजोगे जे असेल ते पाहून झाल्याखेरीज हत्यार हाती घेऊ नये.

यानंतर काही वेळ एंजिन फिरवून एक प्लग काढून पाहावा. प्लगचे टोक हा सिलिंडरच्या आतून बाहेर आलेला साक्षीदार आहे. ते पेट्रोलाने ओले असेल, तर इंधन आत पोहोचत आहे आणि संशयाचा रोख ठिणगीकडे वळतो. ते कोरडे असेल, तर इंधन वाटेतच कोठेतरी अडले आहे. एका साध्या पाहणीने संशयितांची निम्मी यादी बाजूला पडते, आणि अद्याप एक पैसाही खर्च झालेला नसतो.

मात्र साक्षीदाराचे म्हणणे तपासून घ्यावे लागते. प्लग ओला आहे याचा अर्थ ठिणगी नाही, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. चोक फार वेळ ओढून ठेवल्यानेही पेट्रोलाचा अतिरेक होतो आणि प्लग भिजून जातात. तशी शंका असेल तर चोक बंद करून, प्रवेगकाचे पायटे तळापर्यंत दाबून धरावे व एंजिन फिरवावे. हवा भरपूर आत जाऊन जादा पेट्रोल उडून जाते. गाडी याने चालू झाली, तर दोष यंत्राचा नसून चोक ओढणाऱ्या हाताचा होता, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

दुवे निम्मे करण्याची युक्ती

आता आरंभीच्या गाडीकडे वळता येईल. समजा, तिचा प्लग ओला निघाला आणि चोकची शंकाही फिटली. मग ठिणगीच्या मार्गाचा तपास करावयाचा. हा मार्ग समजून घेतला म्हणजे तपास आपोआप सोपा होतो.

बारा व्होल्टच्या दाबाने प्लगच्या फटीत ठिणगी पडणे अशक्य आहे. त्यासाठी काही हजार व्होल्ट लागतात. हे काम मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये शोधून काढलेल्या विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर होते. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे पुष्कळ वेढे असतात. जाड तारेतून वाहणारा प्रवाह एकाएकी तोडला, की भोवतालचे चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेत प्रचंड दाब निर्माण होतो. प्रवाह तोडण्याचे काम डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटांची जोडी करते. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये ठिणगी पडून प्रवाह रेंगाळू नये म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. निर्माण झालेला दाब मधल्या जाड वायरीने डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात येतो, तेथे फिरता रोटर तो पाळीपाळीने चार प्लगांना वाटून देतो. चार सिलिंडरच्या एंजिनात, ते मिनिटाला तीन हजार फेरे करीत असताना, पॉइंटांची ही उघडझाप सेकंदाला शंभर वेळा होते.

म्हणजे ही एक साखळी आहे. तिचे दुवे एका टोकापासून एकेक करून तपासणे शक्य आहे. परंतु शहाणा कारागीर मध्यावर हात घालतो. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणातून मधली जाड वायर काढावी, तिचे टोक विद्युत्‌रोधक पकडीने धरून एंजिनाच्या धातूपासून सुमारे सहा मिलिमीटर अंतरावर ठेवावे आणि दुसऱ्याने एंजिन फिरवावे. निळसर, टणत्कारी ठिणगी पडली, तर बॅटरीपासून कॉइलपर्यंतचा सारा भाग निर्दोष ठरला. दोष टोपण, रोटर अथवा प्लगांच्या वायरी यांत आहे. ठिणगी पडली नाही, तर दोष अलीकडच्या बाजूस.

अलीकडच्या बाजूसाठी दिव्याची चाचणी आहे. कॉइलचे जे टोक डिस्ट्रिब्यूटरकडे जाते, ते आणि गाडीचा सांगाडा यांमध्ये एक लहान दिवा जोडून एंजिन फिरवावे. दिवा लुकलुकला, तर पॉइंट उघडझाप करीत आहेत. तो सतत पेटून राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांच्यावर मळ बसला आहे. मुळीच पेटला नाही, तर कॉइलपर्यंत वीजच येत नाही, अथवा पॉइंट उघडतच नाहीत. अँबॅसडरच्या जुन्या १४८९ घन सेंटिमीटरच्या एंजिनात पॉइंटांची फट इंचाच्या सहस्रांश मापात १४ ते १६, म्हणजे सुमारे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. घासून घासून ही फट नाहीशी झाली तर कॉइल आणि प्लग कितीही नवे घातले तरी उपयोग शून्य.

निम्मे करण्याच्या या युक्तीचे सामर्थ्य साध्या अंकगणिताने समजते. संशयित दुवे सोळा असले आणि प्रत्येक चाचणीने निम्मे वगळता आले, तर चार चाचण्यांत दोषी सापडतो. एकेक दुवा बदलून पाहावयाचे ठरविले, तर दुर्दैवाने पंधरा वेळा बदल करावे लागतील. तपासात बुद्धी वापरल्याने वाचणारा पैसा आणि वेळ एवढा मोठा आहे.

दोष इंधनाच्या बाजूस असेल तरी पद्धत हीच. कार्ब्युरेटरच्या कोठीत पेट्रोल आहे काय? असेल, तर जेटमध्ये कचरा. नसेल, तर पंपाकडून येणारी नळी सोडवून, तिच्याखाली भांडे धरून पाहावे. पेट्रोल येत असेल तर कोठीतील सुईझडप अडकली आहे. येत नसेल तर पंप, गाळणी अथवा टाकी. या बाजूस अलीकडे एक नवे कारणही जमेस धरावे लागते. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशातील पंपांवर टप्प्याटप्प्याने मिळू लागले. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे अशा मिश्रणासाठी बनविलेले नव्हते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते आणि गाडी पुष्कळ दिवस उभी राहिली तर त्याचा उपद्रव होऊ शकतो. परंतु हे संभाव्य कारण आहे, सिद्ध कारण नव्हे. बंद पडलेल्या प्रत्येक गाडीचे खापर इथेनॉलवर फोडणे हाही निदान टाळण्याचाच एक प्रकार होय. पडदा फाटला आहे किंवा नाही हे पंप उघडून पाहता येते. ते पाहावे आणि मग बोलावे.

ठिणगी आहे, इंधनही आहे, आणि तरी एंजिन पेटत नाही, अशा वेळी वेळेचा प्रश्न उभा राहतो. टोपण काढून एंजिन फिरविले असता रोटर फिरतो की नाही, ही पाहणी येथे निर्णायक ठरते. या एंजिनात रोटरला गती कॅमदंडाकडून मिळते. रोटर स्तब्ध राहिला, तर आतील साखळी तुटली असण्याचा संभव मोठा. साखळी शाबूत असूनही एंजिन खोकल्यासारखे आवाज करीत असेल, तर प्लगच्या वायरींची अदलाबदल झाली असावी. या एंजिनात सिलिंडर एक, तीन, चार, दोन या क्रमाने पेटतात. खुणा न करता चारही वायरी एकदम ओढून काढणारा उतावळा माणूस एक दोष शोधता शोधता दुसरा निर्माण करून ठेवतो.

एकाच लक्षणाची दोन कारणे

सर्वांत शिकविणारा दोष तो, की जो येतो आणि जातो. वैशाखाच्या उन्हात गाडी तासभर चालून थांबते आणि पुन्हा चालू होत नाही. अर्ध्या तासाने, काहीही न करता, ती चालू होते. अनुभवी चालक पंपावर ओले फडके टाकतो आणि म्हणतो, की नळीत पेट्रोलची वाफ झाली होती. फडक्याने ती थंड झाली. हे कारण खरे असू शकते. नळीत वाफ कोंडली, तर पंप पेट्रोल पुढे ढकलू शकत नाही.

परंतु जीर्ण झालेला कंडेन्सर किंवा कॉइल यांचीही वागणूक अशीच असते. तापल्यावर ती निकामी होतात आणि निवल्यावर पुन्हा काम करू लागतात. चालकाने फडके टाकले त्याच अर्ध्या तासात कॉइलही निवली. मग गुण कोणाचा मानावा? फडक्याचा की केवळ विश्रांतीचा? गाडी चालू झाली या घटनेवरून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, कारण दोन्ही तर्कांनुसार तेच घडावयास हवे होते. उत्तर मिळते ते गाडी बंद असतानाच. त्या क्षणी मधल्या वायरीची ठिणगी पाहावी. ठिणगी सशक्त असेल, तर इंधनाचा तर्क बळावतो. ठिणगी नसेल, तर फडक्याचा तर्क फोल ठरतो.

दोन तर्कांमध्ये निवाडा करू शकेल अशीच चाचणी उपयोगाची. आपला आवडता तर्क ज्याने कधीच खोटा ठरणार नाही, अशी चाचणी कितीही वेळा केली तरी ज्ञानात भर पडत नाही. ‘औषध घेतले आणि ताप उतरला’ या वाक्यात जी त्रुटी आहे, तीच ‘फडके टाकले आणि गाडी चालू झाली’ या वाक्यात आहे. एकाच वेळी प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर बदलणारा कारागीरही याच त्रुटीत सापडतो. गाडी चालू होते, पण तिन्हींपैकी दोषी कोण होता हे कायमचे अज्ञात राहते. म्हणून एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहून मगच पुढे जावे.

दोन आक्षेप

या प्रतिपादनावर एक आक्षेप असा घेतला जातो, की मुरलेल्या कारागिराला असल्या चाचण्यांची गरज नसते. तो आवाज ऐकूनच दोष सांगतो. हे अनेकदा खरे असते, आणि अशा कारागिराविषयी आदरच बाळगला पाहिजे. परंतु त्याच्या कानात जे ज्ञान आहे ते आले कोठून? हजारो एंजिने उघडून, चुका करून आणि त्या सुधारून ते साचलेले आहे. अनुभव त्याला कोठे पाहावे हे लवकर सुचवितो. पाहण्याचे कारण मात्र तो नाहीसे करीत नाही. खरा निष्णात कारागीर आपला अंदाजही एका झटपट चाचणीने पारखून घेतो. शिवाय त्याच्या कानातील ज्ञान त्याच्याबरोबरच जाते. चाचणीची रीत मात्र सांगता येते, लिहून ठेवता येते आणि शिकाऊ मुलाच्या हाती देता येते. या गाड्या रस्त्यावरून जात असताना त्यांच्या कारागिरांची विद्याही नोंद न होता जाऊ द्यावयाची काय, हा प्रश्न ग्रंथालयांनी आणि शाळांनीही आपला मानावा असा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजच्या मोटारींत कार्ब्युरेटर नाही, पॉइंट नाहीत. इंधन आणि ठिणगी यांचे नियंत्रण संगणक करतो आणि दोष शोधण्यासाठी यंत्र जोडून संकेतांक वाचतात. मग जुन्या एंजिनाचा अभ्यास कशास? यास उत्तर असे, की संकेतांक हे लक्षण आहे, निदान नाही. एखाद्या संवेदकाकडून संदेश येत नाही असे यंत्राने सांगितले, तरी संवेदक बिघडला, त्याची तार तुटली, की जोडणीत पाणी शिरले, हे ठरवावयाचे काम माणसाचेच राहते. संकेतांक वाचून संवेदक बदलणारा आणि आवाज ऐकून कॉइल बदलणारा, या दोघांत साधनांचा फरक आहे. विचाराचा फरक नाही. आजच्या एंजिनालाही मिश्रण, ठिणगी, दाब आणि वेळ यांवाचून गत्यंतर नाही. ज्याने हा व्यवहार उघड्या एंजिनात एकदा पाहिला, त्याला झाकलेल्या एंजिनातही काय शोधावयाचे हे समजते.

शाळेने काय करावे

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार यांत्रिकाचा अभ्यासक्रम चालतो, ही चांगली गोष्ट आहे. परंतु निदानाची शिस्त केवळ यांत्रिक होऊ इच्छिणाऱ्यांनाच लागते असे नाही. डॉक्टर, शेतकरी, गृहिणी, न्यायाधीश, या सर्वांना ती लागते. १९७६ च्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ५१ क घातला गेला आणि वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत गणले गेले. असा दृष्टिकोन व्याख्यानाने येत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले नाही, तो प्रश्न स्वतः सोडविल्याने तो येतो.

शाळेतील प्रयोगांत उत्तर आधीच ठाऊक असते, आणि विद्यार्थी त्या उत्तराकडे आपली निरीक्षणे वळवून नेतात. न पेटणारे एंजिन अशी लबाडी चालू देत नाही. तर्क चुकला तर ते मुकाट्याने फिरत राहते. एखाद्या माध्यमिक शाळेने भंगारात निघालेले एक जुने चार सिलिंडरचे एंजिन चौकटीवर बसवून घ्यावे. शिक्षकाने त्यात एखादा दोष गुपचूप निर्माण करून ठेवावा, जसे पॉइंटांमध्ये कागदाचा कपटा सरकवावा अथवा दोन वायरींची अदलाबदल करावी, आणि विद्यार्थ्यांच्या गटाला तो शोधावयास सांगावे. प्रत्येक चाचणीपूर्वी अपेक्षा काय आणि चाचणीनंतर आढळले काय, हे वहीत लिहावयास लावावे. गुण द्यावयाचे ते एंजिन चालू झाल्याबद्दल न देता त्या वहीतील तर्काच्या क्रमाबद्दल द्यावेत.

अर्थात काही दक्षता अपरिहार्य आहेत. पेट्रोलची वाफ आणि ठिणगी यांची गाठ पडू देता कामा नये. ठिणगीची चाचणी करताना पेट्रोलची नळी उघडी नसावी आणि सांडलेले पेट्रोल आधी पुसून सुकू द्यावे. कार्ब्युरेटरच्या तोंडात वरून पेट्रोल ओतण्याची प्रथा धोक्याची आहे, आणि तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढणे त्याहून वाईट. एंजिन बंद खोलीत चालवू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रंगहीन व गंधहीन आहे. गाडीवर काम करताना गिअर मोकळा आणि हातब्रेक ओढलेला असावा. वर सांगितलेली ठिणगीची चाचणी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन असलेल्या गाड्यांवर मुळीच करू नये. तेथे दाब अधिक असतो आणि नाजूक भागही बिघडतात. विद्यार्थ्यांनी यांपैकी काहीही शिक्षकांच्या देखरेखीखेरीज करू नये.

आरंभीच्या गाडीची हकीकत तेवढी राहिली. तिचा प्लग ओला निघाला होता. मधल्या वायरीला ठिणगी सशक्त पडली. म्हणजे बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर निर्दोष ठरले. उरले टोपण, रोटर आणि वायरी. टोपण काढून पाहिले, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूस रात्रीच्या दमट हवेचे दव साचलेले दिसले. त्या ओलाव्यातून वीज प्लगकडे जाण्याऐवजी भलतीकडे झिरपत होती. कोरड्या फडक्याने टोपण आणि वायरी पुसल्या, भिजलेले प्लग वाळवून पुन्हा बसविले, आणि एंजिन पहिल्या खेपेसच पेटले. नवा भाग एकही लागला नाही.

भोवती जमलेल्या चौघांपैकी तिघांनी सुचविलेले उपाय केले असते, तरी कदाचित गाडी चालू झालीच असती. कारण तेवढ्या खटपटीत सकाळ सरून ऊन वर आले असते आणि दव आपोआप सुकले असते. मग नव्या कॉइलला श्रेय मिळाले असते आणि पुढच्या दमट सकाळी चालक पुन्हा रस्त्याच्या कडेला उभा राहिला असता. आता त्याला टोपणाकडे पाहावयाचे ठाऊक झाले आहे, आणि गाडीत एक कोरडे फडके ठेवावयाचेही.